रायभानचा सातवा खडा

रायभान सुरुंगवाल्याने उभ्या आयुष्यात तीन माणसांची हाडं मोडली. दोघांची आष्टीच्या बाजारात, एकाचं घरात. बाजारातल्या दोघांनी आधी त्याच्या अंगावर हात टाकला होता, एवढं त्याच्या बाजूने बोलता येईल. घरातलं हाड गोपिकाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, डाव्या मनगटाचं; आणि तिचा गुन्हा एवढाच की भाकरी करपली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आमच्या मंडळीने या माणसाला जवळजवळ साधू करून ठेवलं होतं, आणि असल्या गोष्टींचा मला फार राग येतो.

मी अप्पाराव. गावातल्या प्राथमिक शाळेचा मास्तर आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. गाव आष्टीपासून दोन कोसांवर. मंडळी म्हणजे अठरा घरं, पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर आणि महिन्यातून एकदा जालन्याहून एसटीने येणारे पाळकसाहेब. ते आले की प्रभुभोजन असतं. त्या दिवशी भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले तबकात घेऊन ओळीओळीतून फिरणं हे माझं काम. रस कसला, माझी बायको द्वारकाबाई काळ्या मनुका उकळून गाळून देते तो. आमच्यात एक शिस्त आहे. ज्याच्या मनात कोणाबद्दल अढी आहे, किंवा ज्याने कोणाचं वाईट करून ते मिटवलेलं नाही, त्याने पेला उचलायचा नाही. तबक पुढे जाऊ द्यायचं. शिस्त उत्तम आहे, पाळत कोणी नाही. दोन भाऊ सकाळी बांधावरून एकमेकांची डोकी फोडतात आणि दहा वाजता मांडीला मांडी लावून पेला घेतात. सन दोन हजारपर्यंत तबक पुढे सोडणारा मी एकच पाहिला, तो रायभान. सन शहाऐंशीपासून चौदा वर्षं त्याने पेल्याला हात लावला नाही.

लोकांना वाटे, केवढी ही नम्रता. एका पाळकसाहेबांनी तर भर उपदेशात त्याचं उदाहरण दिलं. रायभान तेव्हा मान खाली घालून सतरंजीची दोरी उपसत बसला होता. मी मागून बघत होतो आणि मला ती नम्रता पटत नव्हती. का पटत नव्हती ते पुढे सांगतो.

रायभानचं काम विहिरींना सुरुंग लावायचं. आमच्याकडे चार हात मातीखाली काळा खडक लागतो, तो कुदळीला ऐकत नाही. मग पहारीने भोकं पाडायची, त्यांत दारूच्या कांड्या भरायच्या, वाती लावायच्या, बिडीने पेटवायच्या आणि दोराला धरून वर यायचं. वाती मुद्दाम लहानमोठ्या कापतात, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि वरून मोजता येतात. भोकं जितकी, तितके आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी झाला, तर खाली न फुटलेला बार पडून आहे असं समजायचं, आणि त्या दिवशी कोणी विहिरीत उतरायचं नाही. मोजायचं काम सुरुंगवाल्याचं. बाकीचे लांब बाभळीआड पळालेले असतात. त्याने हाळी दिली की ते त्याच्या शब्दावर खाली उतरतात.

रायभानची मोजायची पद्धत त्याची स्वतःची होती. त्याचा बोटांवर भरवसा नव्हता. जितकी भोकं तितके खडे तो मुठीत घेई, आणि प्रत्येक बाराला एक खडा खाली टाकी. मूठ रिकामी झाली की हाळी.

त्याच्याबरोबर कामाला भिवा असे. भिवा म्हणजे रायभानची धाकटी बहीण जयवंताबाई हिचा नवरा. दोघं एका ताटात जेवायचे आणि एकाच बाटलीतून प्यायचे. प्यायल्यावर दोघंही आपापल्या बायकांना मारायचे. त्या काळी मंडळीत यावर कोणी फार बोलत नसे. मीही बोललो नाही. पण शहाऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी भिवाने जयवंताला बैलाच्या जुवाच्या खिळीने मारलं. लाकडी खिळी, हातभर लांब. ती डाव्या कानावर बसली. कानातून रक्त मानेवर आलं, आणि त्या कानाने तिला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही.

रायभानला हे सकाळी कळलं. तो तिच्या दारात गेला, कान पाहिला आणि कामावर गेला. ज्याने स्वतःच्या बायकोचं मनगट मोडलं, त्याला बहिणीचा कान सहन झाला नाही. माणूस असाच असतो, आपल्या हातचं रक्त त्याला दिसत नाही.

विहीर रखमाजी पाटलाची, शाळेला लागूनच. त्या दिवशी सात भोकं होती. दुपारी बार उडायला लागले. आमच्या शाळेच्या पोरांना बार मोजायची खोड. वर्ग सोडून खिडकीशी उभी राहून ती मोठ्याने मोजत. सहापर्यंत मोजून पोरं थांबली. सकाळी सात भोकं पाहून आली होती, म्हणून सातव्याची वाट बघत कान लावून उभी राहिली. मी त्यांना दटावलं. "दोन एकदम उडाले असतील. बसा आणि पाढे म्हणा."

तेवढ्यात रायभानची हाळी आली, सात झाले, उतरा.

भिवा पहिला उतरला. फुटलेला दगड मोकळा करायला त्याने पहार मारली. तो सातवा आवाज वर्गातल्या सगळ्यांनी ऐकला. शाळेच्या पत्र्यावर दगड पडले. मी धावत गेलो तेव्हा भिवाच्या हातातली पहार विहिरीबाहेर येऊन बाभळीच्या बुंध्यात रुतलेली होती. भिवाला वर काढायला टोपलीच्या दोन फेऱ्या लागल्या. जयवंता कानाला फडकं बांधून आली होती. तिने टोपलीत पाहिलं आणि विहिरीच्या काठावरच्या दगडांवर कपाळ आपटायला लागली. तिचा मुलगा मच्छिंद्र तेव्हा नऊ वर्षांचा, माझ्याच वर्गात होता. मी त्याचे डोळे झाकले, पण उशीर झाला होता.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की मोजण्यात चूक झाली. पोरांनी सहाच मोजले होते हे मी कोणाला सांगितलं नाही. विचारलं नाही कोणी, आणि पोरांच्या मोजणीला कोण विचारतो, असं मी स्वतःला समजावलं. जयवंताने चाळीस दिवसांनी, मंडळीसमोर, भावाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "चूक झाली. म्या सोडली." बायका रडल्या.

त्या दिवसापासून तो प्यायला नाही. गोपिकाबाईवर त्याने पुन्हा हात उचलला नाही. बहिणीचं शेत त्याने आपल्या शेताआधी पेरलं, मच्छिंद्रला आष्टीच्या शाळेत घातलं, तिच्या घरावर पत्रे टाकले. आणि महिन्याच्या महिन्याला माझं तबक त्याच्यासमोरून तसंच पुढे गेलं. मला वाटायचं, चुकीचं एवढं ओझं कोणी बाळगत नाही. मग वाटायचं, अप्पाराव, गप्प बस, तुझं काय जातंय. आणि मी माझा पेला घेत होतो, दर महिन्याला, बिनघोर.

सन दोन हजारच्या दिवाळीनंतर जयवंता मला बरोबर घेऊन भावाच्या घरी गेली. मच्छिंद्र तेवीस वर्षांचा झाला होता आणि रायभानची मुलगी उषा एकोणीसची. मामाची मुलगी करायची ही आमच्याकडची जुनीच रीत.

"दादा, उषा मला दे," जयवंता म्हणाली. "तुह्या मनात अजून ते हाये, मला माहीत हाये. म्या कवाच सोडलंय. लेक दिलीस की तू बी सोडून दे."

गोपिकाबाईला आनंद लपवता येईना. उषा आत कपबशा वाजवत होती, म्हणजे तिचंही मन होतं. रायभान फक्त म्हणाला, "मास्तर जे म्हणतील ते." मी मूर्खासारखा हो म्हणालो.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीत पुकारा होतो. पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि विचारतात की या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ताच बोलावं. कोणी कधी बोलत नाही. आम्ही त्या वेळी नवरदेवाकडे बघून हसतो. पाळकसाहेब तेव्हा या पुकाऱ्यांसाठी लागोपाठ येत होते. पहिल्या रविवारी रायभान बसून राहिला. दुसऱ्या रविवारी पुकारा झाला आणि तो बाहेर जाऊन प्रार्थनामंदिरामागे ओकला. मी त्याला पाणी दिलं. त्याने चूळ भरली आणि विचारलं, "मास्तर, माफी भलत्याच गोष्टीची मिळाली तं ती चालती का?"

मी म्हणालो, "घरी जाऊन पड."

तिसऱ्या रविवारी पुकारा वाचून झाला, हरकतीचं विचारून झालं, आणि रायभान उभा राहिला.

"हरकत माही हाये."

पाळकसाहेब हसले. "अहो, तुम्ही तर मुलीचे वडील."

"म्हणूनच." त्याने सदऱ्याच्या खिशातून मूठ बाहेर काढली आणि उघडली. हातात बोराएवढा एक काळा खडा होता. "भिवा चुकीनं मेला न्हाई. म्या सहाच मोजले व्हते. सातवा खडा हातात राह्यला, त्यो ह्यो. खाली एक बार जित्ता हाये हे मला बराबर माहीत व्हतं. त्यानं माह्या बहिणीचा कान फोडला व्हता. म्या सात म्हणून हाळी देली. तुमी समद्यांनी मला चुकीची माफी देली. चूक म्या केलीच न्हाई. मंग ती माफी माही कशी?"

बायकांच्या बाजूला जयवंता उठली. तिला अर्धंच ऐकू आलं होतं. ती चालत पुरुषांच्या ओळींतून भावासमोर आली आणि उजवा कान त्याच्याकडे करून उभी राहिली.

"हिकडून सांग."

त्याला पुन्हा सगळं सांगावं लागलं. या वेळी हळू, तिच्या चांगल्या कानात. आम्ही फक्त त्याचे ओठ हलताना पाहिले. माझ्या आयुष्यात मी इतकं कठीण काही पाहिलेलं नाही.

ती म्हणाली, "माह्यासाठी केलं म्हणू नको. कान माहा व्हता. नवरा बी माहा व्हता."

मग तिने त्याच्या हातातला खडा घेतला, मुठीत आवळला आणि त्या मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. दोन दात सतरंजीवर पडले, ओठ फाटला, आणि ती मारतच राहिली. तो हात पाठीमागे धरून उभा होता. मच्छिंद्र दाराकडे धावला. आमच्याकडे घंटा नाही. दाराशी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलाय आणि तो वाजवायला लोखंडी गज आहे. तो गज घेऊन मच्छिंद्र आला. पहिला घाव खांद्याच्या हाडावर बसला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. दुसरा जबड्यावर. तिसरा मी हाताने अडवला आणि माझं बोट मोडलं, ते आजही सरळ होत नाही. पाळकसाहेब "थांबा, थांबा" म्हणत होते, उषा बापाच्या अंगावर आडवी पडली, गोपिकाबाई भिंतीला टेकून बसली आणि आपलं डावं मनगट उजव्या हाताने दाबत राहिली.

बाजारात दोन माणसांना एकाच वेळी उचलून आपटणारा हा गडी. त्याने एकदाही हात वर केला नाही.

त्याला बैलगाडीत घालून आष्टीला नेलं, तिथून जालन्याला. महिन्याने तो परत आला तेव्हा जबडा वाकडा बसला होता. गावात आल्या आल्या तो आष्टीच्या पोलीस ठाण्यात गेला आणि "मला अटक करा" म्हणाला. जमादाराने चौदा वर्षांपूर्वीचा कागद शोधायला लावणार का विचारलं. मग विचारलं, पुरावा काय. रायभान म्हणाला, खडा, पण तो बहिणीकडे आहे. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो मला म्हणाला, "मास्तर, सरकारची माफी लई जल्दी भेटती."

लग्न मोडलं. मच्छिंद्रने दुसरीकडची मुलगी केली आणि प्रार्थनामंदिराची पायरी सोडली. उषा नर्सिंग शिकायला गेली, बापाला पत्र लिहायची, पण गावात येत नव्हती. मीही एके दिवशी जयवंताच्या घरी गेलो आणि पोरांच्या मोजणीचं सांगितलं. की मला शंका होती, आणि मी चौदा वर्षं ती पेल्याबरोबर गिळली. मला वाटलं, आता माझेही दात जाणार. ती शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही.

"बसा, मास्तर. तुमचं नंतर बघू. आधी त्याचं हाये."

"म्हणजे?"

"म्या माफी देल्ती ती चुकीला. ती माघारी घेतली. आता ह्याला देयाची का न्हाई, ते म्या अजून ठरवून राह्यले." तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती. गाठीत तो खडा होता, हे मला न विचारता कळलं.

आणि मग एक गोष्ट घडायला लागली, जी आमच्या पंचांना मुळीच पसंत पडली नाही. पुढच्या प्रभुभोजनाला मी तबक घेऊन बायकांच्या ओळीत गेलो, तर जयवंताने ते पुढे सोडलं. अढी आहे, म्हणून घेत नाही. समोरच्या बाजूला रायभानने सोडलं. आणि त्या महिन्यापासून मीही वाटून झाल्यावरचा माझा शेवटचा पेला उचलायचं बंद केलं. पाळकसाहेबांनी तिला समजावलं की ताई, क्षमा करा आणि मोकळ्या व्हा. ती म्हणाली, "साहेब, तोंडानं आत्ता म्हणते. पण मंग पुन्हा भलत्याच गोष्टीला दिल्यासारखं व्हईल." मला वाटतं, आमच्या अठरा घरांत पाप आणि क्षमा या दोन गोष्टी खरोखर तोलून पाहणारी ती एकटीच होती. बाकी आम्ही सगळे पाठ केलेलं म्हणत होतो.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. ती यायची थांबली नाही. उन्हातान्हात, पायाला फोड आले तरी, दर रविवारी ती भावाच्या समोर येऊन बसायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मी त्या दोघांकडे बघून घरी यायचो आणि द्वारकाबाईला म्हणायचो, उगाच मनुका उकळू नकोस, तीन पेले उरतात. ती म्हणायची, "उरू द्या. म्या मोजून कमी करणार न्हाई."

असं दीड वर्ष गेलं. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यातला एक रविवार. सण नव्हता, काही नव्हतं. पत्रा तापला होता. रायभानला आता खोकला लागला होता. दगडाची धूळ छातीत बसलेली, तो वाक्य पुरं करू शकत नव्हता. मी तबक घेऊन जयवंतासमोर आलो आणि सवयीने पुढे सरकायला लागलो. तिने तबकाची कड धरली. मी थांबलो. तिने तबक माझ्या हातातून काढून घेतलं. बाईने तबक धरायची आमच्यात रीत नाही, दोन पंच खाकरले. ती ते घेऊन मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेली आणि भावासमोर गुडघ्यावर बसली.

रायभानने मान हलवली. तबक पुढे जाऊ दे, असा हात केला.

"माहा राग गेला न्हाई," ती म्हणाली. मोठ्याने, कारण तिला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो. "गेला म्हणून म्या आले न्हाई. तू काय केलं ते मला माहीत हाये. चूक न्हाई, ते. त्या केलेल्याला म्या सोडलं. आता घे. तू घेतल्याबिगर मला घेता येईना, दादा."

दादा हा शब्द दीड वर्षात तिच्या तोंडून आला नव्हता.

त्याने पेला दोनदा उचलला आणि दोनदा तबकात परत ठेवला. तिसऱ्यांदा तिनेच तो त्याच्या ओठांना लावला. जबडा वाकडा असल्याने त्याला नीट पिता येईना. अर्धा रस हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. जयवंताने पदराने पुसला, जरा जोरातच. पदराची गाठ त्याच्या दात नसलेल्या हिरडीवर घासली, तसा तो कण्हला. तिने गाठ सोडली नाही. मग तिने आपला पेला उचलला आणि एका घोटात संपवला.

दाराबाहेर लिंबाखाली मच्छिंद्र सायकल धरून उभा होता, आईला न्यायला आलेला. त्याने सगळं पाहिलं. तो आत आला नाही. अजूनही येत नाही. पण त्या दिवशी आईला घेऊन तो लगेच निघून गेला नाही, एवढं मी पाहिलं.

तबकात एकच पेला उरला होता. जयवंताने ते माझ्यासमोर आणून धरलं.

"मास्तर, तुमची पाळी. कवाचे थांबून राह्यले."